पारकरचाचांचा एसी आणि पोलंडचे पाहुणे

आखातातल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत शनिवारी आम्ही चार मराठी घरं एकत्र जमलो की जेवणाची पानं वाढेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "दिलीप, ते पोलंडवाल्यांचं सांग ना!" मी आधी थोडे आढेवेढे घेतो. मग बायको म्हणते, "घे भाव खाऊन. नंतर तुला थांबवायला मलाच लागणार आहे." तिचं म्हणणं खरं असतं.

किस्से साठतात कसे ते मला आमच्या पारकरचाचांच्या वर्कशॉपमध्ये कळलं. तिथे एका खोक्यात एसीचे जुने रिमोट टाकलेले आहेत. ते एसी केव्हाच भंगारात गेले, रिमोट तेवढे राहिले. चाचा कधीतरी गंमत म्हणून त्यातला एखादा उचलतात, बटण दाबतात, आणि वर्कशॉपच्या कोपऱ्यात काहीतरी खरंच सुरू होतं! माझ्या किश्शांचंही तेच आहे. एकाचं बटण दाबलं की दुसराच सुरू होतो.

तर आधी चाचा कोण ते सांगतो. पारकरचाचा रत्नागिरीचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल कुसैसमध्ये त्यांचं एसी रिपेअरचं वर्कशॉप आहे, आणि त्याच शेडच्या मागच्या हॉलमध्ये माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे माइकसमोर डोळे मिटून गाणारा गायक येतो. माझ्याकडे वर्षानुवर्षं काय रेकॉर्ड झालं? लिफ्टमधले आवाज, तेही बहुतेक माझेच! "डोअर्स क्लोजिंग." "गोइंग अप." फोनवरचं "कृपया प्रतीक्षा करा". मॉलमध्ये हरवलेल्या मुलांच्या घोषणा. कामात कधी खोट काढायला जागा ठेवली नाही, पण ते संगीत नव्हतं.

चाचांना हे सलत होतं. एक दिवस सरळ म्हणाले, "दिलीप, हॉल तुला गाण्याबजावण्यासाठी दिला होता. इथून एक तरी खरी रेकॉर्ड बाहेर काढून दाखव. नाहीतर या हिवाळ्यात हॉल मला परत दे, मला कॉम्प्रेसर ठेवायला जागा नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी टेपने हॉलची लांबी-रुंदी मोजली. चाचा थट्टेसाठी टेप काढत नाहीत.

आणि त्याच सप्टेंबरात पोलंडवाले आले.

*

तिघं होती. यानुष म्हणजे म्होरक्या, कीबोर्ड वाजवणारा, पांढऱ्या मिशांचा, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच. काशा ही सॅक्सोफोनवाली, बोलायला सगळ्यांत पुढे. आणि तोमेक ड्रमवाला, तो बसल्या जागी मांडीवर, टेबलावर, जे सापडेल त्यावर वाजवत असायचा. अबुधाबीत त्यांचा कार्यक्रम झाला होता, आणि पुढे समुद्राकडच्या एका बड्या स्टुडिओत त्यांच्या नव्या रेकॉर्डचं बुकिंग होतं. तो स्टुडिओ रिकामा होईपर्यंत तीन दिवस रिहर्सलला जागा हवी होती. कुणीतरी माझं नाव सुचवलं. रिहर्सल तर रिहर्सल! लिफ्टपेक्षा बरी!

मी नवा शर्ट घालून दारात उभा. यानुष आला. मी उंबऱ्याच्या आतून हात पुढे केला, "वेलकम!"

त्याने आपला हात झटकन मागे घेतला!

माझा चेहरा पडला. म्हटलं, सुरुवातच अशी? पण काशा मागून धावत आली. "नो, नो! उंबऱ्यावरून शेकहँड करायचा नसतो. आमच्याकडे त्याने भांडण होतं!"

हे ऐकून चाचा वर्कशॉपमधून हात पुसत बाहेर आले. "अरे, माझी आई उंबऱ्यावर कुणाला उभंसुद्धा राहू द्यायची नाही!" असं म्हणत त्यांनी यानुषला दंडाला धरून आत घेतला आणि मग दणकून शेकहँड केला. आत आल्यावर तिघांनीही, कुणी न सांगता, बूट काढून भिंतीला लावून ठेवले. पोलंडात म्हणे घरात बूट घालून फिरत नाहीत.

चाचांनी ती रांग पाहिली आणि मला कानात विचारलं, "काय रे, हे पोलंड रत्नागिरीपासून किती लांब आहे?"

*

यांचं संगीत म्हणजे जॅझ फ्यूजन. जॅझ आहे, रॉक आहे, इलेक्ट्रिक वाद्यं आहेत, आणि मध्येच त्यांच्या डोंगराकडची एखादी लोकधून डोकं वर काढते. मी पहिल्या तासाभरातच खुळा झालो. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

चाचा मात्र काचेपलीकडे हाताची घडी घालून उभे होते. ते कुठलाही आवाज एसीवाल्याच्या कानाने ऐकतात. बराच वेळ ऐकून मला म्हणाले, "तो ड्रमवाला एक ठोका गाळतोय."

"नाही चाचा, ते सातच्या मापातलं आहे. आपल्याला आठची सवय, म्हणून तसं वाटतं."

"प्रत्येक वेळी बरोबर तिथेच गाळतोय. हा फॉल्ट आहे."

मी समजावतोय, ते मान हलवतायत. शेवटी ब्रेकमध्ये तोमेक बाहेर आला, तर चाचांनी त्यालाच गाठलं. चाचा सगळ्या जगाशी हिंदीत बोलतात, आणि सगळ्या जगाला ते समजतं! "भाई, तेरे ड्रम में एक ठोका कम आता है. चेक करूं?"

मी भाषांतर केलं. तोमेक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. आजोबांपासून चालत आलाय."

चाचांनी सहानुभूतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फिर रहने दे. वॉरंटी तो खत्म हो गई होगी."

*

आता त्या एसीबद्दल.

एसीवाल्याच्या शेडमधला एसी शहरातला सगळ्यांत खराब एसी होता. चाचांचं म्हणणं, गिऱ्हाइकांचे आधी, आपला मागाहून. थंड करायचा तो झकास, पण आवाज! माइक चालू असताना तो चालू ठेवणं शक्यच नव्हतं. आणि यानुषला रिहर्सलसुद्धा रेकॉर्ड करून हवी होती, आपल्या चुका आपल्याला ऐकू याव्यात म्हणून.

त्याचा मेन स्विच वर्कशॉपच्या भिंतीवर, आणि त्या स्विचला चाचांशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. त्यामुळे पद्धत अशी पडली. सगळे वाद्यं घेऊन तयार बसायचे. मी काचेतून अंगठा दाखवायचा. मग वर्कशॉपमधून चाचांची आरोळी, "यल्ला, बंद!" म्हणजे चला, बंद! स्विच खाली. आणि तो एसी एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत कण्हत थांबायचा. घर्रर्र... घुर्र... घुर्र... आणि शेवटी, खट्!

त्या 'खट्'नंतर जी शांतता पसरायची, तिच्यात यानुषची बोटं कीबोर्डवर पडायची.

पहिल्या दिवशी त्यांनी एक-दोन-तीन-चार मोजून सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून मोजणं बंद. तिघंही त्या 'खट्'वरच सुरू करायला लागले, आणि काय सुरू करायचे! जणू एकाच माणसाचे सहा हात.

मग गरमी. सप्टेंबरात एसी बंद केलेल्या खोलीत माणूस भज्यासारखा तळून निघतो. यानुषचे सोलो फार लांबलचक असायचे. इथे ते आपोआप छोटे होत गेले, कारण तोमेक बनियनवर येऊन डोळ्यांनी दयेची भीक मागत असायचा! तिसऱ्या दिवशी यानुषने रेकॉर्डिंग ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "आयुष्यभर मला लोक सांगत आले, यानुष, थोडक्यात वाजव. मी कुणाचं ऐकलं नाही. मिस्टर पारकरनी ते न बोलता करून दाखवलं."

चाचांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "लांबण मलाही आवडत नाही."

*

शेडच्या मागेच मशीद आहे. अजान झाली की आमचं काम थांबतं. चाचा नमाजाला जाऊन येतात, आणि ते परत आले की चहा. पाहुण्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं नाही. अजान सुरू झाली की काशा सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवून शांत बसायची. तोमेकची बोटंही तेवढा वेळ गप्प राहायची, आणि हे त्याच्या आईलाही खरं वाटलं नसतं!

दुपारी वॉर्सातून त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. बाईंना रोज ठरलेल्या वेळी बोलायचं होतं. यानुष म्हणाला, "असरच्या नमाजानंतर कर."

"असर म्हणजे किती वाजता?"

"ते रोज थोडं बदलतं."

"मग मला कसं कळणार?"

यानुषने शांतपणे सांगितलं, "मिस्टर पारकरना विचार." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी वॉर्साहून चाचांना फोन आला, आज असर किती वाजता!

*

चाची रोज घरून डबा पाठवायच्या. रिहर्सलच्या दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या. सांदण, मटण, तळलेला पापलेट आणि बरणीभर सोलकढी. काशाने बरणी पाहिली आणि ओरडलीच, "ख्वोद्निक!"

आम्ही घाबरलो. मला वाटलं, बरणीत काही पडलं की काय.

तर त्यांच्याकडे उन्हाळ्यात बिटाचं थंड सूप करतात, त्याचं हे नाव. अगदी सोलकढीच्याच रंगाचं, गुलाबी! तिची आजी करायची. आजी गेल्यावर तिने ते प्यायचंच सोडलं होतं. तिने एक घोट घेतला. थांबली. डोळे पुसले. मग म्हणाली, "हे ते नाही." आणि पेला पुढे केला, "अजून द्या!"

चाची बघतच राहिल्या. मला म्हणाल्या, "हिला सांग, बीट नाही, आमसूल आहे. आणि रडत पिऊ नको म्हणावं, ठसका लागेल."

तिसऱ्या दिवशी यानुषच्या एका नव्या धुनेचं नाव ठरलं, 'सोलकढी'. पोलिश जॅझमध्ये सोलकढी! मी घरी येऊन बायकोला हे तीन वेळा सांगितलं. चाचींना सांगितलं तर म्हणाल्या, "नाव ठेवलं ते चांगलं केलं. पण पिण्याआधी ढवळायची असते, तेही लिही म्हणावं."

*

माझी मुलगी इरा चौदा वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, तसं आमचं घर चालतं. वडील काय करतात, असं मैत्रिणींनी विचारलं की ती विषय बदलते. "बाबा, यू आर द लिफ्ट. प्लीज डोन्ट टेल एनीवन." मी हसून सोडून द्यायचो, पण लागायचं ते लागायचंच.

पाहुण्यांच्या हॉटेलातल्या लिफ्टमध्ये माझाच आवाज होता, हे त्यांच्या लक्षात आलं ते रिहर्सलच्या दुसऱ्या सकाळी. तोमेक दारातूनच माझ्या आवाजात ओरडला, "नाइंथ फ्लोअर! डोअर्स ओपनिंग!" मी कानकोंडा झालो.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता, इराला सोबत आणलं होतं. ती कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसलेली. यानुष उठला, तिच्यासमोर जाऊन सहा फुटांवरून वाकला आणि म्हणाला, "या शहरात सकाळी मला पहिला भेटतो तो तुझा बाप. संध्याकाळी शेवटचा भेटतो तोही तुझा बाप. शेजारची माणसं बदलतात. तो एकदाही सूर सोडून बोलला नाही. माहीत आहे, हे किती अवघड असतं?"

इराने फोन खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जणू मला नुकतंच कुणीतरी घरी आणून ठेवलंय. "ओके, बाबा," ती म्हणाली. "दॅट्स काइंड ऑफ कूल."

तुम्ही हसाल, पण डिस्कव्हरी गार्डन्समध्ये यापेक्षा मोठा पुरस्कार कुणाला मिळालेला माझ्या ऐकिवात नाही!

*

त्याच संध्याकाळी तीन दिवस संपले. सामान भरलं, बूट चढवले. सगळ्यांनी उंबऱ्याच्या आत उभं राहून हात मिळवले. गाडी निघाली आणि लगेच परत आली. यानुषची एक वायर राहिली होती. वायर घेतली आणि तो समोरच्या खुर्चीत बसून राहिला.

"आता काय?" चाचांनी विचारलं.

काशाने सांगितलं, "विसरलेली वस्तू घ्यायला परत आलं की क्षणभर बसायचं. नाहीतर प्रवास बिघडतो."

"मग नीट बसा की! चहा टाकतो."

पण चहा होण्याआधी ते गेलेच. मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे जे वाजलं तो नुसता सराव होता, रेकॉर्ड होणार होती दुसरीकडे, आणि कव्हरवर नाव येणार होतं दुसऱ्याचं.  चाचांनी आत जाऊन पुन्हा टेप काढला.

*

बड्या स्टुडिओत यानुषने मलाही बोलावलं होतं, माइक कुठे कसे लावले होते ते दाखवायला. काय तो स्टुडिओ! लाकडी भिंती, गुळगुळीत फरशी, कॉफीच्या मशीनलासुद्धा वेगळी खोली. मी बूट काढावेत की नाही, याच विचारात दारात पाच मिनिटं उभा होतो.

सगळं जुळलं. लाल दिवा लागला. काचेमागून तिथला इंजिनिअर म्हणाला, "रोलिंग."

कुणीच वाजवेना.

इंजिनिअरने थोडं थांबून पुन्हा सांगितलं, "वी आर रोलिंग."

काशा सॅक्सोफोन ओठांना लावून बसलेली. तोमेकच्या काठ्या हवेत. यानुषचे हात कीबोर्डच्या वर अधांतरी, आणि मान किंचित दाराकडे वळलेली. तिघंही कान देऊन कशाची तरी वाट बघतायत!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे चाचांची वाट बघतायत! ती आरोळी, ते कण्हणं आणि ते 'खट्'!

त्यांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं, आणि तिघं हसत सुटले. मग शहाण्या माणसांसारखे एक-दोन-तीन-चार मोजून वाजवायला लागले. स्वर सगळे बरोबर होते. पण जीव नव्हता. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. सोलोही परत मारुतीच्या शेपटासारखे लांबायला लागले.

यानुषने माइकमध्ये विचारलं, "एसी बंद करता येईल का?"

इंजिनिअर अभिमानाने म्हणाला, "सर, आमचा एसी चालू आहे की बंद, हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"तेच तर झालंय ना!" यानुष म्हणाला.

मग तोमेकच्या आग्रहावरून मी चाचांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "चाचा, जरा 'यल्ला, बंद!' म्हणा ना."

"का? तिकडचा एसी माझा आहे?"

"नाही, पण—"

"दुसऱ्याच्या एसीला मी फोनवरूनसुद्धा हात लावत नाही. त्यांना माझा एसी पाहिजे तर माणसं इकडे घेऊन ये. खलास!" आणि फोन ठेवला.

मी खालमानेने भाषांतर केलं. यानुषने काठ्या, वायरी, सॅक्सोफोन सगळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ही इज राइट. चला."

*

दुसऱ्या सकाळी ते आले. संध्याकाळी त्यांचं विमान होतं. म्हणजे काय ते त्या एका दिवसात. माझी छाती इतकी धडधडत होती की माइकमध्ये येईल अशी भीती वाटली.

सगळे तयार. मी अंगठा दाखवला. "यल्ला, बंद!"

आणि काहीच झालं नाही.

म्हणजे एसी बंद झाला. पण कण्हणं नाही, कुरकुर नाही, 'खट्' नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसा गप्पकन थांबला. आत तिघं वाट बघत बसलेली, आणि वर्कशॉपच्या दारात चाचा, तेलाने माखलेले, डोळे तांबारलेले, आनंदाने फुललेले.

"कसा आहे?" ते म्हणाले. "पाहुणे बडा स्टुडिओ सोडून आपल्याकडे येतायत. त्यांच्यापुढे असला एसी? काल दुकान लवकर बंद करून मी तो पूर्ण खोलला. नवीन बेअरिंग, नवीन रबर. आता आवाज काढून दाखवा म्हणावं!"

 इतक्या प्रेमाने केलेलं काम, आणि सांगायचं काय? की तुम्ही आमचं वाटोळं केलंत?

शेवटी काशा उठली. चाचांपुढे जाऊन म्हणाली, "मिस्टर पारकर, एसी खूप सुंदर झालाय. पण आमच्यात एक जण कमी झालाय."

मी भाषांतर केलं. चाचांचा चेहरा उतरला. "माझ्या कामाबद्दल आजपर्यंत या कुसैसमध्ये एक कंप्लेंट नाही," ते पुटपुटले.  आत तोमेकने हळूच, ड्रमच्या कडेवर, बोटांनी वाजवायला सुरुवात केली. घर्रर्र... घुर्र... घुर्र... आणि काठीने, खट्! यानुषने त्या 'खट्'वर एक सूर लावला. एकच. आणि थांबला.

चाचांनी तो सूर ऐकला. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. इतके दिवस ते काचेपलीकडे, नाहीतर स्विचपाशी भिंतीपलीकडे होते, आपल्या स्विचनंतर आत काय होतं, ते त्यांनी असं समोर उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं.

"दिलीप," ते म्हणाले, "ते जुनं बेअरिंग भंगाराच्या पिंपात आहे बघ. वरच असेल."

आणि हा माणूस पान्हा घेऊन शिडीवर चढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चांगला एसी बिघडवला! तोही नेटाने, नीट, एकेक स्क्रू जपून. खाली उतरले तेव्हा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "आता अगदी पहिल्यासारखा खराब आहे. गॅरंटी माझी."

आणि मग काय वाजलं, ते मला सांगता येणार नाही. दुपारपर्यंत सगळं झालं. 'सोलकढी' तर एका झटक्यात, पहिल्याच खेपेला! माझे हात मिक्सरच्या फेडरवर होते आणि डोळ्यांतून पाणी. गरमीचं होतं असं मी सगळ्यांना सांगतो.

*

हिवाळा लागला. चाचांनी कॉम्प्रेसरचा विषय काढला नाही, मीही काढला नाही, पण पहिली खेप वर्कशॉपच्या दारात येऊन पडली होती. त्याच आठवड्यात पोलंडहून पार्सल आलं. मी चाचा-चाचींना आत बोलावलं. बायको आणि इरा आलेल्याच होत्या.

इराने कागद फाडला. कव्हरवर खाली बारीक अक्षरात होतं, रेकॉर्डेड इन अल कुसैस, आणि पुढे माझ्या स्टुडिओचं नाव. मी त्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिलो. इराने ते माझ्या हातातून घेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "यानुष, कीबोर्ड्स. काशा, सॅक्सोफोन. तोमेक, ड्रम्स." मग ती थांबली आणि किंचाळली, "ओ माय गॉड! पारकर, एअर कंडिशनर!"

चाचांनी चष्मा लावला. स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. "वाजवला कधी?" ते गोंधळून म्हणाले. "मी तर बंद केला!"

मी रेकॉर्ड लावली. सगळ्यांत आधी चाचांचीच आरोळी आली, "यल्ला, बंद!" मग ते कण्हणं. मग खट्. आणि मग यानुष. चाची पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. चाचा हाताची घडी घालून, डोळे मिटून, शेवटच्या सुरापर्यंत जागचे हलले नाहीत. संपल्यावर उठले, कॉम्प्रेसर हलवायला दारात आलेल्या हमालांना म्हणाले, "ये सब कॉम्प्रेसर उठाओ. दूर रास अल खैमा के किराये के गोडाऊन में जाएंगे. ये म्यूझिक का हॉल है."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणीतरी गिऱ्हाईक, घरातला एसी बंद पडलेला, बहुतेक फार घाईत. चाचांनी फोन कानाला लावला, पण नजर कव्हरवरच.

"हां, पारकर बोल रहा हूं... कौनसा पारकर? एसी रिपेअरवाला?" त्यांनी कव्हरवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग छाती काढून म्हणाले, "नहीं हबीबी. एसी बजानेवाला."